औरंगाबादला कुठं जेवायचं

आमच्या मोठ्या दिरांना औरंगाबाद पाठ होतं. असं ते स्वतःच सांगायचे, आणि आष्टीत त्यांना खोटं पाडायची कोणाची हिंमत नव्हती. बांधाच्या भांडणातलं एक अपील त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं होतं, आणि तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण औरंगाबाद असल्यामुळे दर तारखेला ते तिकडं जायचे. पुढं जालना वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या, सगळ्यांची सोय झाली. दिरांची तेवढी पंचाईत झाली. जालन्याला काय, दूधवालासुद्धा जातो. त्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ओट्यावर बसून ते अजून शहागंजातलं घड्याळ आणि गुलमंडीची गर्दी रंगवून सांगायचे आणि ऐकणारे माना हलवायचे, कारण चहा आमच्याकडचा असायचा. तो करायला मी होते.

मी जालन्याची, मॅट्रिक पास. लग्न होऊन आष्टीत आले तेव्हा घरात रोज चौदा माणसं जेवायची, सालगडी वेगळे. आमच्याकडची रीत अशी की आधी पुरुषांची पंगत, मग लेकरं, मग सासूबाई, आणि शेवटी जाऊबाई आणि मी. तोपर्यंत चूल विझलेली असायची आणि आमटी तळाला गेलेली. या रीतीबद्दल लोक फार आदरानं बोलतात. ज्यांना गरम मिळतं ते बोलतात.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. एकदा माहेराहून परत येताना जालन्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात मला एक बाई दिसली. माझ्याच वयाची, खुर्चीला पर्स अडकवलेली. जेवता जेवता तिनं वाढप्याला सांगितलं, "अजून एक पुरी आणा," आणि पुन्हा खाली मान घालून जेवायला लागली. पुरी आली, गरम आणि टम्म फुगलेली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. बस सुटेपर्यंत मी बाहेर उभी राहून हॉटेलाच्या खिडकीतून तिच्याकडं बघत राहिले. मला तिचा हेवा वाटला, आणि तो पुरीसाठी नव्हता. बसल्या जागी मागायचं आणि दुसऱ्या कोणीतरी उठून आणून द्यायचं, त्यासाठी होता.

त्या वर्षी सासरे बरेच महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं मी केलं. ते उठून हिंडायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, "तू लई केलं. काय पाहिजे ते माग." त्याच्या डोळ्यांपुढं पाटल्या असाव्यात, कारण मी "औरंगाबादला हॉटेलात बसून जेवायचंय" म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम सैल झाला. लगेच हो म्हणाला. नवऱ्याचा होकार इतका झटपट आला की समजावं, आपण फार कमी मागितलं.

घरात मात्र त्यानं वेगळंच सांगितलं. बायकोला हॉटेलात जेवायचंय म्हणायची त्याला लाज वाटली, म्हणून "आईला मकबरा अन् पाणचक्की दाखवून आणू" असं ठरलं. आई निघाली म्हणजे थोरला भाऊ आलाच, आणि थोरला भाऊ आला म्हणजे हॉटेल त्यांनीच ठरवायचं, हेही आलं. मी एकच अट घातली. या वेळी शिदोरी न्यायची नाही. आमच्या घरचं माणूस परतूरच्या बाजाराला गेलं तरी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून जातं. सासूबाईंचं तोंड तीन दिवस वाकडं होतं. "परगावी रिकाम्या हातानं कुणी जातं का? चार धपाटे टाकायला काय हात झडून राह्यले का तुझे?" मी बधले नाही. शिदोरी घेतली की ती कुठल्या तरी झाडाखाली सुटणार आणि माझं हॉटेल तिथंच संपणार, हे मला पक्कं माहीत होतं.

दुसरी अडचण साडूंची होती. दिरांचे साडू, म्हणजे जाऊबाईंच्या बहिणीचे यजमान, औरंगाबादेत एका कचेरीत नोकरीला होते आणि सिडकोत राहायचे. आमच्या लोकांत असं आहे की गावात पाहुणा असताना हॉटेलात जेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. कळवून गेलं तर त्यांच्या घरी उतरावं लागणार. म्हणून कळवायचं नाही आणि दिसायचंही नाही, असं दिरांनी ठरवलं. जाऊबाई घर सांभाळायला मागं राहणार होत्या. एका जेवणासाठी बाकीची चार माणसं चोरासारखी शहरात शिरणार होती, आणि यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी पहाटे निघालो. एसटीनं परतूर, तिथून मीटरगेजची पॅसेंजर. मकबऱ्याचं म्हणाल तर मला त्याचे मनोरे तेवढे आठवतात. दिरांनी दारातच सांगून टाकलं, "ताजमहालाची नक्कल हाय ही. नकलेला काय बघायचं? चला जल्दी." पाणचक्कीला सासूबाई वडाच्या पारावर बसल्या, हौदातल्या माशांकडं बघत म्हणाल्या, "धपाटे आणले असते तर इथंच बसून खाल्ले असते." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. बारा वाजून गेले होते. भूक मलाही लागली होती, पण ती मी जपून ठेवली होती.

आता दिरांनी हॉटेल कसं निवडलं ते सांगते.

स्टेशनाजवळची हॉटेलं त्यांनी गाडीतून उतरतानाच बाद केली होती, कारण "तिथं गिऱ्हाईक पुन्हा येत न्हाई, मंग तो चांगलं कशापायी करील?" हे एक वाक्य ते दिवसभरात शहाणपणाचं बोलले. त्यानंतर गुलमंडीकडं एक हॉटेल लागलं. आम्हाला रस्त्याच्या कडेला उभं करून ते आत गेले. पाणी मागितलं, पेला उजेडात धरला, हुंगला. मग आमटी मागून घेतली, तळहातावर दोन थेंब, आणि चाखली. मग गल्ल्यावरच्या माणसाला गाव विचारलं. तो भोकरदनकडचा, पिंपळगाव रेणुकाईचा निघाला. दीर बाहेर आले, म्हणाले, "इथं न्हाई जमायचं. त्याच्या गावात आपली सोयरीक हाय. संध्याकाळच्या आत साडूला खबर लागंल." म्हणजे आमटी चांगली होती, माणूस ओळखीतला होता, आणि म्हणूनच ते हॉटेल वाईट ठरलं.

दुसऱ्या ठिकाणी आमटी चाखली आणि बाहेर येऊन म्हणाले, बायकांना बसायला वेगळी जागा नाही. घरच्या बाया रस्त्याकडं तोंड करून जेवताना बऱ्या दिसत नाहीत. तिसऱ्या ठिकाणी वेगळी जागा होती. पडदा लावलेली, वर 'फॅमिली रूम' असं लिहिलेली. तिथलीही आमटी चाखली आणि बाहेर येऊन म्हणाले, पडद्याआड काय चालतं कोणास ठाऊक, आपल्या बाया तिथं बसवायच्या नाहीत. चौथ्या हॉटेलाची पाटी उर्दूत होती. दिरांच्या चार इयत्ता उर्दूत झाल्या होत्या. रस्त्यात उभं राहून त्यांनी ती पाटी मोठ्यानं वाचली, आमच्याकडं बघितलं, कोणी वाहवा करतंय का याची वाट पाहिली, आणि मग मटणाचं हॉटेल आहे म्हणून पुढं निघाले. तिथं तेवढी आमटी चाखली नाही.

नाही म्हणणं किती सोपं असतं! त्याला अक्कल लागत नाही, आणि म्हणणारा मात्र अक्कलवान दिसतो. आमच्या दिरांची निम्मी इज्जत या एका कलेवर उभी होती. स्थळ असो, बैल असो, हॉटेल असो, ते खोट काढायचे आणि लोक म्हणायचे, माणूस पारखी आहे. त्यात तीन हॉटेलांतली चव घेऊन त्यांचा जीव शांत झाला होता. आम्ही तिघं उपाशी. आणि ते माझ्याशी थेट बोलायचे नाहीत; धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिरानं बोलू नये, ही आणखी एक रीत. त्यामुळे प्रत्येक नकार ते सासूबाईंना सांगायचे आणि मी शेजारीच उभी असायचे, भिंतीसारखी. नवरा पायातली चप्पल रस्त्यावर घाशीत होता. ज्यानं वचन दिलं तो तोंडात मिठाची गुळणी धरून होता.

दीड वाजला तेव्हा औरंगपुऱ्याजवळ सासूबाईच मटकन एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. तेव्हा कुठं नवरा बोलला, "दादा, आता बस झालं." समोरच माडीवर थाळीचं हॉटेल होतं. आई बसली म्हटल्यावर दिरांना खोट काढायला उसंत मिळाली नाही. आम्ही वर गेलो.

मी खुर्चीवर बसले. माझ्यापुढं कोणीतरी ताट ठेवलं. त्यात सहा वाट्या होत्या. एक वाढपी आला, त्यानं दोन भाज्या वाढल्या, दुसरा आला, त्यानं वरण आणि कढी वाढली, एकानं बासुंदी. हे सगळं वाढेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसले होते. मला हसू येत होतं आणि रडूही. मग पुरी आली. मी तिला बोट लावलं, वरचा पापुद्रा फुटला आणि वाफ निघाली.

तेवढ्यात जिन्यावरून साडू वर आले.

"वा पाव्हणं!" सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. "म्हंजे सिडकोतलं आमचं घर पडलं का काय? हॉटेलात जेवून राह्यले? आमचं नाक कापून राह्यले तुमी!"

दीर ताडकन उठले. बारा वर्षं कोर्टात उलटतपासण्या ऐकलेला माणूस, पण उत्तर काय दिलं? "न्हाई न्हाई, सहज आल्तो. आईला भूक लागल्ती, म्हणून." सगळं आईवर ढकलून मोकळे. मग आईकडं बघून म्हणाले, "उठा म्हणावं सगळ्यांनी." पानात वाढलेलं टाकलं तर अन्न शाप देतं, असं मला नऊ वर्षं ऐकवणाऱ्या सासूबाई एक शब्द न बोलता उठल्या. नवरा उठला. आणि मीही उठले. मला म्हणता आलं असतं की वाढलंय तर जेवूनच येते. तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं नाही. त्या तिघांवर मी इतकी वर्षं तोंडसुख घेतलं आहे, पण त्या एका क्षणाचा राग मला माझाच येतो.

रिक्षा करून सिडकोत गेलो. दार साडूंच्या बायकोनं उघडलं. जाऊबाईंची ही धाकटी बहीण. मी तिला दोन लग्नांत पाहिलं होतं, तेवढीच ओळख. तिच्या अंगावर घडी मोडलेली नवी साडी होती, केसांत गजरा होता. मागं दोन पोरं बूट घालून उभी होती. साडूंनी दारातूनच आवाज दिला, "बघ कोण आलंय! लाग स्वयंपाकाला." तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि हसून म्हणाली, "या ना, या."

पुरुष बैठकीत बसले, सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या, आणि मी आत गेले. आत जायचं असतं, ते कोणी सांगावं लागत नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थबकले. दुपारचे दोन वाजत आलेले, घरात दोन लेकरं, आणि गॅसवर काही नाही. भांडी पुसून पालथी घातलेली. कणीक मळलेली नाही. साडू हॉटेलात कशाला आले होते, हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता.

"तुम्ही निघाला होता का कुठं?" मी विचारलं.

ती पिठाचा डबा काढत होती. "आज आमच्या लग्नाला धा वर्षं झाली," ती म्हणाली. "सहा महिन्यांपास्नं म्हणून राह्यले, थाळी खाऊ घालतो. रविवारी गर्दी असती, म्हणून जागा बघायला गेल्ते."

बाहेरच्या खोलीतून साडूंचा आवाज येत होता. "घरंदाज माणसानं हॉटेलात पाय ठेवू नये पाव्हणं. मी तर बिलकुल न्हाई ठेवत." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आणि आमचे दीर, सकाळपासून शहरभर आमटी चाखत फिरलेले, म्हणत होते, "बराबर हाय तुमचं."

माझं डोकं फिरलं. मी बाहेर जायला निघाले तर तिनं माझं मनगट धरलं. "राहू द्या. तुमी संध्याकाळी जाणार. मला इथंच राहायचंय."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि जुनी साडी नेसून आली. नवी साडी तिनं मूळच्या घडीवर नीट घालून ठेवलेली मला दारातून दिसली. धाकटा पोरगा "थाळी खायची" म्हणून भोकाड पसरत होता; तिनं त्याचे बूट काढले आणि हातात संक्रांतीची उरलेली गुळाची पोळी दिली. मी पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली. घरी मळायचे तशीच.

पुरुष जेवायला बसले. वांग्याची भाजी, वरण, शिरा, तव्यावरच्या पोळ्या. दीर हात चाटत म्हणाले, "अख्ख्या औरंगाबादेत अशी थाळी भेटायची न्हाई," आणि साडू म्हणाले, "मी काय सांगत होतो!" दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं की जणू पोळ्या यांनीच लाटल्या होत्या. नवऱ्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं. जेवून तिघंही लवंडले. मग लेकरं जेवली, सासूबाई जेवल्या.

चार वाजून गेल्यावर आम्ही दोघी उरलो. ती दोघींची ताटं मांडायला लागली तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही बसा. मी वाढते."

"अगं बाई, तुमी पाव्हण्या."

"बसा म्हटलं ना."

मी तवा पुन्हा चढवला. एक पोळी लाटली, भाजली, तूप लावून तिच्या ताटात टाकली. ती खाईपर्यंत दुसरी. ती जेवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिसऱ्या पोळीला नको म्हणाली, तरी मी वाढली. जेवून झाल्यावर तिनं हात धुतला, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि मला पाटावर बसवलं.

माझी पहिली पोळी संपत आली तोच बाहेर हालचाल सुरू झाली. पॅसेंजरची वेळ होत होती. दिरांचा आवाज आला, "आई, जल्दी करायला सांग." सासूबाई दारात आल्या, मला जेवताना बघून म्हणाल्या, "चल गं, गाडी जाईल." नवरा आला. "उरलेलं राहू दे आता, ऊठ." शेवटी दीर स्वतः स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि खोकले.

तव्यावर पोळी फुगत होती. साडूंच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं.

"मी जेवून राह्यले, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढं."

नऊ वर्षांत त्यांच्याशी मी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. माझ्याशी बोलायची त्यांनाही सवय नव्हती. ते मागं फिरले. तिनं पोळी माझ्या ताटात टाकली आणि विचारलं, "भाजी वाढू?" मी वाढा म्हटलं. मग वरण मागितलं. मग शिरा मागितला, खरं तर तेवढी भूक नव्हती. प्रत्येक वेळी ती उठली आणि तिनं आणून दिलं.

पॅसेंजर गेली. जालन्यापर्यंत गच्च भरलेल्या एसटीत उभ्यानं यावं लागलं आणि आष्टीपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही. पाय दुखत होते. पण त्या दिवशी शेवटच्या घासापर्यंत मी उठले नव्हते.